बिनआकड्यांची खोली

त्र्याहत्तर दिवस ज्या खोलीची वाट बघितली, तिच्या दारात उभी राहिली तेव्हा तिला वाटलं, मागच्या मागे पळून जावं. बाळाला घेऊन घरी नव्हे, बाळाला घेऊन पुन्हा आत, मशीनपाशी.

खोली तशी छान होती, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग जिथे संपतो तिथे, कोपऱ्यात. दोन पलंग, मधे चाकांवरचा छोटा पाळणा, हात धुवायचं बेसिन, आडवी होणारी खुर्ची, खिडकीबाहेर गाड्या लावायची जागा आणि भिंतीवर एक लाल बटण. दारावर पाटी होती, ‘आईबाबांची खोली’. बाळाला घरी सोडायच्या आधी दोन दिवस आईबाबांनी त्याला घेऊन इथे राहायचं, दूध, लंगोट, औषध, झोप सगळं आपलं आपण बघायचं, अशी त्या विभागाची पद्धत होती. नर्स भिंतीपलीकडेच असायची. मशीन मात्र नसायचं. छातीला वायर नाही, पायाला पट्टी नाही, पडदा नाही आणि पडद्यावरचे आकडे नाहीत. तिला भीती होती ती नेमकी याचीच.

तिचं बाळ साडेसहाव्या महिन्यातच आलं होतं. मुलगी, वजन नऊशे चाळीस ग्रॅम. बापाने पहिल्या दिवशी काचेच्या पेटीत डोकावून म्हटलं, “ही तर छटाकभर आहे,” आणि नर्सबायांनी ते नाव तिथल्या तिथे उचललं. फायलीवर आईचं नाव, सगळ्यांच्या तोंडी छटाक. आता छटाक एक किलो नऊशे साठ ग्रॅम झाली होती, नळीशिवाय स्वतः दूध ओढत होती, आणि मोठ्या सिस्टर म्हणत होत्या, “आता घ्या तुमची तुम्ही. मला कंटाळा आला तिचा.” मोठ्या सिस्टर म्हणजे विभागाच्या मुख्य नर्स. पाच फुटाच्या आत उंची, आवाज दहा फुटांचा. कंटाळा आला म्हणताना त्यांनी बाळाची टोपी दोनदा नीट केली होती.

त्र्याहत्तर दिवसांत माणसाला कशाची सवय होत नाही? आत शिरताना घड्याळ, अंगठी, बांगड्या काढून लॉकरमध्ये ठेवायच्या, बाह्या कोपरापर्यंत वर, मग दोन मिनिटं हात धुवायचे. आईबाबांना कुठल्याही वेळी प्रवेश, आजी-आजोबांना रविवारी चार ते पाच आणि तेही काचेबाहेरून. दूध काढायच्या खोलीत सहा आया ओळीने पंपाला जुंपलेल्या, आधी एकमेकींकडे बघायची लाज, मग आठवड्याभरात तिथेच सासवांची उणीदुणी. फ्रिजमध्ये आपली बाटली, तिच्यावर आपली चिठ्ठी. हे सगळं तिच्या अंगवळणी पडलं. आणि सगळ्यात जास्त अंगवळणी पडले ते आकडे. वरचा श्वासाचा, म्हणजे रक्तातल्या प्राणवायूचा, तो नव्वदच्या वर हवा. खालचा नाडीचा, तो शंभराच्या वर हवा. सकाळी आली की ती आधी आकडे बघायची, मग बाळ. जाताना आधी बाळ, मग आकडे, आणि दारातून वळून पुन्हा एकदा आकडे.

याला कारण होतं, आणि ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही.

ती शर्ट शिवायच्या कारखान्यात तपासनीस होती. तयार झालेला शर्ट शेवटी तिच्या टेबलावर यायचा. सुटलेला टाका, तिरकं बटण, कॉलरच्या पांढऱ्यात आणि बाहीच्या पांढऱ्यात केसभर फरक, तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. शिवणाऱ्या बायका तिला वैतागून ‘दुर्बीण’ म्हणायच्या आणि तिला ते मनातून आवडायचं. आपल्या डोळ्यांचा तिला भारी अभिमान होता. तो अभिमान बाराव्या दिवशी उतरला.

बाराव्या दिवशी ती पेटीशी बसली होती. बाळ गाढ झोपलेलं, मूठ गालाशी, चेहऱ्यावर सुरकुती नाही. तिला भरून आलं. शेजारून जाणाऱ्या मोठ्या सिस्टरना ती म्हणाली, “बघा ना, आज किती शांत झोपलीये.” त्याच वेळी मशीन किंचाळलं आणि सिस्टरनी तिला खांद्याने बाजूला सारून पेटीत हात घातले. बाळ झोपलेलं नव्हतं. बाळाने श्वास थांबवला होता. विभागात त्याला ‘विसरणं’ म्हणायचे. एवढी लहान बाळं श्वास घ्यायचं विसरतात, मग तळपायाला टिचकी मारून, पाठ चोळून त्यांना आठवण करून द्यावी लागते. सिस्टरनी आठवण करून दिली, बाळ गुलाबी झालं, सगळं मिनिटाभरात आटोपलं. पण ती तिथे उभी होती ती उभीच राहिली. आपलं पोर जात होतं आणि आपण कौतुक करत होतो. केसभर फरक पकडणाऱ्या बाईला एवढं मोठं दिसलं नाही. त्या दिवसापासून तिने डोळ्यांवरचा विश्वास काढून घेतला आणि तो सगळाच्या सगळा मशीनवर ठेवला.

आता सांगा, अशा बाईला बिनआकड्यांच्या खोलीत बसवायचं म्हणजे काय.

पहिल्या दिवशी तिने लाल बटण दुपारपर्यंत सात वेळा दाबलं. बाळ शिंकलं, बटण. बाळ शिंकायचं थांबलं, बटण. सातव्या वेळी मोठ्या सिस्टर कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या.

“आता काय झालं?”

“तोंड असं वेडंवाकडं केलं तिने. मोठं उघडलं.”

“अहो, जांभई दिली. जांभईला बोलावता मला? मग माझ्याही जांभईला तुम्ही यायला हवं.”

ती हसली, पण ते हसू गालाच्या वर गेलं नाही. सिस्टरनी पाळण्यात वाकून बघितलं, मग तिच्याकडे बघितलं.

“गेले बावीस दिवस ती एकदाही विसरलेली नाही. मोठे डॉक्टर उगाच पाठवत नाहीत या खोलीत. बाळाकडे बघा, आई. भिंतीकडे काय बघताय?”

ती खरंच भिंतीकडे बघत होती. आत असतं तर त्याच जागी मशीन असतं.

रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. बाळाच्या नाकाशी बोट, छातीवर तळहात, पुन्हा नाकाशी बोट. पहाटेपर्यंत तिला स्वतःच्या बोटाचंच काही कळेनासं झालं, वारा बाळाचा की खिडकीचा. सकाळी नवरा आंघोळीला घरी जाऊन यायला निघाला तेव्हा तिने त्याचा शर्ट धरला.

“आपण त्यांना सांगू या का, आठवडाभर अजून आतच ठेवा म्हणून?”

“अगं, आतली जागा दुसऱ्या बाळाला दिली. काल रात्रीच आलंय कुणीतरी.”

“मग मी काय करू? मला कळत नाही रे तिच्याकडे बघून. काही म्हणजे काही कळत नाही. घरी गेल्यावर तर बटणसुद्धा नाही.” आणि ती रडायला लागली. तीन दिवस ती धड जेवली नव्हती, धड झोपली नव्हती, आणि रडतानाही तिची नजर पाळण्यावरून हलेना.

नवरा पिशवी उचलून निघाला. तो माणूसच तसा. त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं, टीव्ही, मिक्सर, इस्त्री, जे बिघडेल ते. बोलण्यापेक्षा उघडून बघणं त्याला सोपं. विभागातही त्याने पहिल्या आठवड्यात मशीनशी ओळख केली, कुठली वायर कुठे जाते, कुठला दिवा कशाचा. बाळाशी ओळख करायचं मात्र तो टाळत आला. “माझे हात राकट आहेत,” म्हणायचा. सिस्टरनी मांडीवर दिलं तर ताठ बसून राहायचा आणि मान वर करून पडदा बघायचा. लोकांना वाटायचं, किती धीराचा बाप आहे. तो नुसता घाबरलेला होता.

अकराला तो परत आला. धुतलेल्या कपड्यांच्या पिशवीतून त्याने टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू काढली. वहीएवढा डबा, त्याला पडदा, डब्यातून निघालेली लांब वायर आणि वायरीच्या टोकाला बोटाला लावायचा चिमटा.

“दुकानात दुरुस्तीला आला होता. एका दवाखान्याचा आहे,” तो हळूच म्हणाला. “तेच मशीन आहे, फक्त जुनं.”

तिने दार लोटून घेतलं. चुकीचं आहे हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण तहानलेल्याला कुणी पाणी दिलं तर तो भांडं कुठलं ते विचारत नाही. तिनेच बाळाचा मोजा काढला, त्याने चिमटा लावला.

चिमटा मोठ्या माणसाच्या बोटाचा, आणि बाळाचं अख्खं पाऊल त्याच्या अंगठ्याएवढं. पडद्यावर आधी दोन रेघा आल्या, मग एकाहत्तर, मग चौसष्ट, मग अठ्ठावन्न.

आत असतं तर चौसष्टला चार माणसं धावली असती. तिने बटणावर हात मारला, नवऱ्याने डबा उशीखाली सरकवला, आणि मोठ्या सिस्टर येईपर्यंत तिने बाळाला इतकं चोळलं होतं, की ते बिचारं लालबुंद होऊन टाहो फोडत होतं.

“काय झालं?”

“श्वास... मला वाटलं कमी झाला.”

सिस्टरनी छाती ऐकली, नखं बघितली, ओठ बघितले. “एवढ्या जोरात ओरडणाऱ्या पोरीचा श्वास कमी कसा असेल? अहो, तुम्ही झोपा जरा. तुमची हालत बघवत नाही. अशाने दूध आटेल.” जाताना त्या नवऱ्याला म्हणाल्या, “झोपवा हिला. काहीही करा, पण झोपवा.”

त्या गेल्या आणि ती पलंगावर बसली. “चौसष्ट होता,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. “तू पण बघितलास ना? चौसष्ट होता.”

“चिमटा सैल आहे. चुकीचं दाखवतोय. थांब.” डबा घेऊन नवरा बाथरूममध्ये गेला. पाचेक मिनिटांनी बाहेर आला तेव्हा पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागावर काळी चिकटपट्टी लावलेली होती.

“हे काय?”

“नाडीचा आकडा बिघडलाय, काहीच्या बाही दाखवतो. उगाच घाबरशील. वरचा नीट केलाय.” तो पाळण्याशी खुर्ची ओढून बसला आणि चिमट्यासकट हात बाळाच्या दुपट्यात घातला. “वायर हलली की गडबड होते. मी पाय धरून बसतो.”

पडद्यावर सत्त्याण्णव आला. मग अठ्ठ्याण्णव. आणि तिथेच थांबला.

ती बघत राहिली. एक मिनिट, पाच मिनिटं. अठ्ठ्याण्णव. त्र्याहत्तर दिवसांत एवढा सुंदर, एवढा न हलणारा आकडा तिने पाहिला नव्हता. “पाय सोडू नकोस हं,” ती म्हणाली आणि उशीला डोकं टेकायच्या आत झोपली.

ती उठली तेव्हा साडेतीन वाजले होते. नवरा तसाच बसलेला, हात दुपट्यात, कंबर अवघडून एका बाजूला कललेला. आकडा अठ्ठ्याण्णव. तिला त्याची एकदम माया आली. तिने बाळाला दूध पाजलं, तेव्हाही तो वायर सांभाळत दुपट्यात हात ठेवून शेजारी बसला. खांद्यावर घेऊन तिने ढेकर काढली आणि बाळाला पुन्हा पाळण्यात ठेवलं. आता तिला हुशारी वाटत होती. ती गुणगुणत बाळाचे धुतलेले कपडे घडी करायला लागली. उद्या घरी. डबा दुकानातून कायमचा मागून घेऊ, पाळण्याशी ठेवू. एक टोपरं, आकडा. एक झबलं, आकडा. अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव.

तिसरं झबलं पांढरं होतं. घडी घालता घालता सवयीने तिने ते उजेडात धरलं, गळ्याची पट्टी आणि अंग एकाच पांढऱ्याचं आहे का बघायला, आणि झबल्याच्या कडेवरून तिची नजर पाळण्यात गेली.

बाळ शांत झोपलं होतं. मूठ गालाशी. चेहऱ्यावर सुरकुती नाही. ओठांच्या वरची कड मात्र बाकीच्या चेहऱ्याच्या रंगाची नव्हती. केसभर फरक. राखाडी, जरा निळसर.

तिने आकडा बघितला. अठ्ठ्याण्णव.

तिने पुन्हा बाळ बघितलं. नवरा डब्याकडे बघत स्वस्थ बसला होता. सगळं ठीक होतं, मशीन सांगत होतं, आणि हिचे डोळे एकदा चुकले होते, बाराव्या दिवशी. किती वेळ ती तशी उभी राहिली कुणास ठाऊक, दोन सेकंद असतील, तीन असतील. पण पुढे आयुष्यभर ती आठवेल तेव्हा ते दोन-तीन सेकंद संपता संपणार नाहीत. राखाडी रंग नाकाच्या बाजूंनी वर चढला. मग ती मोठ्याने म्हणाली, “खोटं बोलतंय ते,” आणि झबलं टाकून तिने पाळण्यात हात घातले.

दुपटं विस्कटलं. बाळाला तिने हातावर पालथं घेतलं, डोकं खाली, विभागात बाहुलीवर शिकवलं होतं तसं, आणि पाठीवर थापट्या मारल्या. एक, दोन. अंग लुळं होतं. “छटाके, आठव,” ती म्हणत होती, “आठव गं बाई, आठव.” तिसऱ्या थापटीला फाटलेल्या दुधाची एक गुठळी आणि पाठोपाठ घोटभर दूध तिच्या मनगटावर आलं. चौथ्या थापटीला बाळाने श्वास ओढला, त्याचा आवाज तिला पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणवला. आणि मग ते रडलं.

तिने मान वर केली. नवरा भिंतीशी होता, डाव्या हाताने लाल बटण दाबत होता, दाबतच होता. उजवा हात त्याने छातीशी धरला होता आणि त्या हाताच्या पहिल्या बोटाला चिमटा होता. चिमट्यापासून वायर लोंबत डब्यापर्यंत गेली होती. डब्यावर अजून अठ्ठ्याण्णव होता.

तिला कळायला वेळ लागला नाही. दुपारभर ती ज्या आकड्यावर निर्धास्त झोपली, तो नवऱ्याचा होता.

मोठ्या सिस्टर धावतच आल्या. बाळाला घेऊन पलंगावर ठेवलं, तोंड साफ केलं, छाती ऐकली. एका मदतनीस नर्सला त्यांनी मोठ्या डॉक्टरांकडे पिटाळलं. मग त्यांनी नळ्या कानातून काढल्या.

“दूध वर येऊन घशात अडकलं होतं. आता छाती मोकळी आहे. रंग छान आहे. कुणी बघितलं आधी?”

“मी.”

“कशावरून?”

“ओठाशी रंग बदलला होता. पण मी थांबले, सिस्टर. आकडा अठ्ठ्याण्णव होता म्हणून मी थांबले.”

“कुठला आकडा?”

सिस्टरची नजर डब्यावर गेली, तिथून वायरीवरून सरकत बोटावर. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं. त्यांनी पुढे होऊन पडद्यावरची चिकटपट्टी सोलून काढली. खालचा आकडा एकशे तेहतीस होता.

“ही तुमची नाडी,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “तुम्हालाच आत घ्यायची वेळ आली आहे.” मग त्याच्या बोटाचा चिमटा त्यांनीच काढला. पडद्यावर दोन रेघा आल्या. सिस्टरनी वायर डब्याभोवती गुंडाळली आणि डबा काखेत मारला.

“हा माझ्याकडे. मोठ्या डॉक्टरांना मी सांगणार आहे, लपवणार नाही. आणि असं काही झालं की दोन दिवस पुन्हा पहिल्यापासून. उद्या घरी नाही.”

ती मान हलवत राहिली. मग तिला राहवेना. “सिस्टर, मला आत जाऊ द्या. मशीनपाशी. मला कळत नाही. बाराव्या दिवशी मी आत, तुमच्यासमोरच...” आणि तिने त्र्याहत्तर दिवसांपैकी एकसष्ट दिवस पोटात ठेवलेलं ते सगळं सांगून टाकलं, नवऱ्यासमोर, बाळाच्या पायाला हात लावून.

सिस्टर ऐकत होत्या. मग पलंगाच्या काठावर बसल्या. त्यांना बसलेलं तिने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

“मला आठवतो तो दिवस. तुम्ही म्हणालात, किती शांत झोपलीये, आणि मीही बघितलं तिच्याकडे. मलाही तसंच वाटलं.”

“पण तुम्ही धावलात.”

“मशीन वाजलं म्हणून धावले. सत्तावीस वर्षं करते मी हे. मलाही कळलं नाही. नऊशे ग्रॅमच्या बाळाचं कुणाच्याच डोळ्याला कळत नाही, म्हणून तर त्या वायरी. आता ती दोन किलोची होत आली. आता कळतं. ज्या दिवसापासून कळायला लागतं, त्या दिवशी आम्ही या खोलीत पाठवतो.” त्या उठल्या. “आज मशीन ठीक म्हणत होतं आणि तुम्ही त्याचं ऐकलं नाहीत. यापुढे मी तुम्हाला काय शिकवू?”

मोठे डॉक्टर आले, बाळाला नखशिखांत तपासलं, नवऱ्याला कान लाल होईपर्यंत बोलले आणि गेले. दार लागलं. खोलीत तिघेच उरले.

नवरा बेसिनशी उभा राहून बोट चोळत होता. चिमट्याने बोटाला दोन्ही बाजूंनी खोल खळगे पडले होते.

“तू झोपत नव्हतीस,” तो म्हणाला. “त्या म्हणाल्या, काहीही करा पण झोपवा. मला दुसरं काही सुचलं नाही.”

“ती मेली असती.”

“हो.”

“तू तिच्या शेजारी बसला होतास. हातभर अंतरावर. तुला माहीत होतं तो आकडा तुझा आहे, तरी तू डब्याकडेच बघत होतास.”

तो खाली बसला, तिथेच, बेसिनखालच्या फरशीवर. “अठ्ठ्याण्णव दिसला की मला बरं वाटत होतं,” तो म्हणाला आणि रडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तिला त्याची दया आली नाही, निदान तेव्हा तरी नाही. तिला इतका राग आला होता की तिचे दात दुखत होते, आणि त्या रागाच्या तळाशी तीच जुनी भीती होती, तसूभर कमी न झालेली. फक्त आता तिला ठाऊक होतं, की आपल्याला दिसतं.

संध्याकाळचं दूध झालं. या वेळी तिने बाळाला अर्धा तास खांद्यावरून उतरवलं नाही. मग पाळण्यात ठेवलं, उशी पाळण्याच्या उलट बाजूला घेऊन आडवी झाली आणि म्हणाली, “आता तू बघ.”

“मी?”

“मी तासभर पडते. घरी गेल्यावर मी एकटीच जागणार आहे का? ये इकडे. खुर्ची ओढ.”

“मला जमणार नाही. मला तिच्याकडे बघून काही कळत नाही गं.”

“मलाही कळत नव्हतं. तोंडाकडे बघ. रंग बघ, छाती बघ. आणि हात बाहेर ठेव.”

तो बसला. दोन्ही हात मांडीवर, शाळेत बसतात तसे. तिने डोळे मिटले, पण झोपली नाही. खुर्ची करकरली, तो वाकला असावा. बराच वेळ नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि त्याच्याखाली, कान दिला तर, दुसरा एक.

मग तो घाबऱ्या आवाजात कुजबुजला, “अगं, उठ. हिच्या मानेवर मागे लाल डाग आलाय. एवढा मोठा. बटण दाबू?”

तिने डोळे उघडले नाहीत.

“दाबू नकोस,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून आहे तो.”